जुन्या वर्तमानपत्रांतल्या नोटिसा आणि आपलं घराणं : बडोद्याच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"आमचे पणजोबा महाराजांच्या वेळी इकडे आले." बडोद्यातल्या कुठल्याही जुन्या मराठी घरात हे वाक्य ऐकायला मिळतं; महाराज म्हणजे सयाजीराव गायकवाड. कोणत्या साली, कुठल्या गावाहून, कोणत्या खात्यात, असं पुढे विचारलं की मात्र बोलणारा थांबतो. माझ्या सासरी असंच होतं. आजेसासूबाई गेल्या तेव्हा ट्रंकेत एक घडी पडलेलं कात्रण निघालं, आणि तिथून मी जुन्या वर्तमानपत्रांतल्या नोटिसा वाचू लागले. तेव्हापासून नातेवाईक आणि दांडिया बाजारातले शेजारी जे प्रश्न विचारत आले, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

नोटिसा म्हणजे निधनवार्ताच ना?

निधनवार्ता सगळ्यात उपयोगी, पण तेवढ्यावर थांबू नका. "तमाम लोकांस कळविण्यात येते की" अशी सुरू होणारी जाहीर नोटीस बघा. घर विकताना, वारसाहक्क लावताना, दस्त हरवल्यावर ती दिलेली असते. तिच्यात घराची चतुःसीमा असते आणि भावंडांची नावं असतात. दत्तकाची नोटीस, नावबदल, भागीदारी मोडल्याची सूचना, दुकान दुसरीकडे नेल्याची जाहिरात, वर्षश्राद्धाला दिलेलं पुण्यस्मरण, हे सगळं कामाचं आहे. मॅट्रिकचे निकाल तर विसरूच नका. बडोद्याची मुलं मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेला बसत, आणि पास झालेल्यांची नावं छापून येत. एखाद्या माणसाच्या तरुणपणाचा तो एकच छापील पुरावा असू शकतो.

मला स्वतःला "आभार" या सदरातल्या नोटिसा फार मोलाच्या वाटतात. आजारपणात कोणी मदत केली, कोणत्या डॉक्टरांनी पाहिलं, शेजारी कोण होते, हे त्यांत असतं. वंशावळीत फक्त रक्ताची माणसं येतात. ज्यांच्या आधाराने घर उभं राहिलं ती माणसं या चार ओळींत भेटतात.

आम्ही मराठी. मग मराठी वर्तमानपत्रं बघायची, बरोबर?

अर्धं बरोबर. बडोद्याच्या मराठी माणसांचा शोध बहुतेक वेळा इथेच अडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नोटीस देणारा माणूस आधी विचार करतो, ही कोणी वाचायला हवी? घराच्या व्यवहाराची नोटीस बडोद्यातल्या सावकाराने, शेजाऱ्याने, कचेरीने वाचायला हवी; ती गुजराती वर्तमानपत्रात जाते. उठावण्याची (मृत्यूनंतर घरच्यांना भेटायला जमण्याची) वेळ ऑफिसातल्या गुजराती सहकाऱ्यांना कळायला हवी. तीही गुजरातीत, "बेसणुं" या मथळ्याखाली. पण पुण्या-साताऱ्याच्या, कोकणातल्या भाऊबंदांना कळवायचं असेल, तर तीच बातमी पुण्या-मुंबईच्या मराठी पत्राकडे पाठवली जाई. एकाच मृत्यूच्या दोन नोटिसा दोन भाषांत असू शकतात, आणि दोन्हींतला मजकूर वेगळा असतो. आमच्याकडे गुजराती नोटिशीत राहत्या घराचा पत्ता आणि नोकरीचं खातं होतं. मराठीत मूळ गाव होतं आणि बहिणींची सासरची आडनावं होती. एकीवर समाधान मानलं असतं तर अर्धं घर हातातून गेलं असतं.

तेव्हा दोन्ही बाजूंनी शोधा. पुण्याकडच्या घराण्यांसाठी 'ज्ञानप्रकाश' (१८४९ मध्ये सुरू झालेलं) आणि 'केसरी' (१८८१ पासून), मुंबईकडच्यांसाठी 'इंदुप्रकाश', आणि पुढच्या काळासाठी 'सकाळ' किंवा 'लोकसत्ता'. १८२२ पासून चालू असलेलं 'मुंबई समाचार' गुजराती आहे, म्हणून मराठी माणूस ते सोडून देतो. सोडू नका.

खुद्द बडोद्यात मराठी पत्रं निघत नव्हती का?

निघत होती. दामोदर सावळाराम यंदे यांचं 'श्रीसयाजीविजय' इथलंच. भगवंत बळवंत पाळेकर यांनी १९१७ मध्ये 'जागृति' हे साप्ताहिक सुरू केलं; सत्यशोधक विचारांचं ते पत्र. तुमचं घर त्या चळवळीच्या जवळ होतं असं ऐकलं असेल, तर आधी 'जागृति' गाठा.

पणजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत होते. त्यांची नोंद कुठे असेल?

संस्थानाच्या 'आज्ञापत्रिके'त. हे संस्थानाचं सरकारी गॅझेट. नेमणूक, बढती, बदली, रजा असल्या गोष्टींसाठी तिचाच आधार. लिखाण कोरडं, पण ओळीमागून ओळ लावली की एका माणसाची सगळी नोकरी डोळ्यांसमोर उभी राहते.

ती वाचायला संस्थानाचे शब्द माहीत हवेत. बडोदे संस्थान सलग एका जागी नव्हतं. बडोदे, कडी (पुढे मेहसाणा), नवसारी आणि अमरेली असे प्रांत दूरदूर पसरलेले होते. प्रांतावर सुभा, तालुक्याला म्हणायचं महाल, आणि महालावर वहिवाटदार. आजोबा बडोद्याचे असूनही त्यांचा जन्म काठेवाडात धारीला किंवा कोडीनारला कसा झाला, याचं कोडं कित्येक घरांत आहे. वडिलांच्या बदलीची ओळ सापडली की ते सुटतं. पाटण, विसनगर, पेटलाद, डभोई, व्यारा, सोनगड ही नावं घरच्या गोष्टींत आली तर टिपून ठेवा. ते गायकवाडी मुलूख होते.

तुमचे पूर्वज सयाजीरावांच्या काळाच्या (१८७५ ते १९३९) बरेच आधी, शिलेदार (स्वतःच्या घोड्यासह चाकरी करणारे स्वार) किंवा दरकदार (वंशपरंपरागत अधिकारी) म्हणून आले असतील, तर मात्र वर्तमानपत्रांची मदत थोडी. तो माग मोडी कागदांत काढावा लागतो.

हे अंक बघायला कुठे जायचं?

पहिली पायरी मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी. महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून १९१० मध्ये ती उभी केली, आणि तिथली काचेच्या लाद्यांची मजलेदार पुस्तकघडवंची आजही बघण्यासारखी आहे. जुन्या नियतकालिकांची चौकशी तिथे करा, मग विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात. संस्थानी कागदांसाठी गुजरात राज्य दफ्तर भांडाराचं बडोद्यातलं कार्यालय. पुण्या-मुंबईच्या पत्रांसाठी पुणे नगर वाचन मंदिर, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, एशियाटिक सोसायटी. जाण्याआधी फोन करून हवं ते वर्ष कळवा. फाइली बांधणीला किंवा छायाचित्रणाला गेलेल्या असतात, आणि लांबून जाऊन रिकाम्या हाती परत येणं मी दोनदा अनुभवलं आहे.

सरकारी नोटिशीसाठी तारीख पाहून गॅझेट ठरवा. १ मे १९४९ ला बडोदे मुंबई राज्यात विलीन झालं, आणि १ मे १९६० ला गुजरात वेगळा झाला. त्यामुळे १९४९ पर्यंत आज्ञापत्रिका, मधली अकरा वर्षं मुंबई सरकारचं गॅझेट, आणि नंतर गुजरात सरकारचं. १९५५ मधला नावबदल गुजरातच्या गॅझेटात शोधत बसलेले एक गृहस्थ मला भेटले होते. त्यांचे कितीतरी दिवस त्यात गेले.

मृत्यूची तारीख कोणालाच ठाऊक नाही. मग अंक कुठला मागायचा?

तारीख नसेल, पण श्राद्धाची तिथी घरात कोणाला तरी नक्की ठाऊक असते. वर्षानुवर्षं त्या दिवशी पान मांडलेलं असतं. तिथी आणि सालाचा अंदाज एवढ्यावर काम होतं.

आमचंच उदाहरण देते. माझ्या पतीच्या पणजीबाई "इन्फ्लुएंझाच्या साथीत" गेल्या आणि त्यांचं श्राद्ध आश्विन वद्यात असतं, एवढंच माहीत होतं. ती मोठी साथ १९१८ सालची, म्हणजे शके १८४०. त्या वर्षीचं आश्विन वद्य ऑक्टोबरच्या अखेरच्या दिवसांत आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला येतं. 'केसरी' दर मंगळवारी निघे. म्हणजे २९ ऑक्टोबर, ५ नोव्हेंबर आणि १२ नोव्हेंबर असे तीन अंक. सबंध वर्षाची फाइल चाळायची होती, ती तीन अंकांवर आली. मी तरी पुढचे दोन अंकही पाहिले, कारण परगावची पत्रं साप्ताहिकाकडे उशिरा पोचत.

सनांचा हिशेब असा. शकात ७८ मिळवा. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या काळासाठी ७९. गुजराती नोटिशीत विक्रम संवत असतो आणि तो दिवाळीनंतर, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलतो. कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंत संवतातून ५७ वजा करा, पुढे ५६. म्हणून वरची तारीख गुजरातीत "संवत १९७४, आसो वद" अशी येईल. महिने दोन्हीकडे सारखेच, नावं थोडी वेगळी : आसो म्हणजे आश्विन, भादरवो म्हणजे भाद्रपद, मागशर म्हणजे मार्गशीर्ष, महा म्हणजे माघ. शुद्ध म्हणजे सुद. एखादी आजी "छप्पनियाच्या दुष्काळात" म्हणाली, तर तो संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ.

इंदूर-ग्वाल्हेरच्या नातेवाइकांच्या हिंदी पत्रांत एक फसवणारी गोष्ट आहे. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे कृष्ण पक्षाला पुढच्या महिन्याचं नाव मिळतं. आपलं आश्विन वद्य ते त्यांचं कार्तिक कृष्ण. शुक्ल पक्षात फरक नाही.

नोटिशीत फक्त दहाव्याची तारीख असेल, तर मृत्यूचा दिवस पहिला धरून नऊ दिवस मागे जा. आणि "गेल्या गुरुवारी देवाज्ञा झाली" असं छापलं असेल, तर सांभाळा. तो गुरुवार पत्र लिहिणाऱ्याचा असतो, अंकाच्या तारखेचा असेलच असं नाही.

गुजराती लिपी येत नाही. शिकावी लागेल का?

आठ दिवसांत नोटिशीपुरती येते. देवनागरीचीच बहीण आहे, डोक्यावरची रेघ तेवढी नाही. क, ख, ज, झ, भ, ल, अ ही अक्षरं आधी पाठ करा, तीच फसवतात. मग आपलं आडनाव गुजरातीत मोठ्या अक्षरांत लिहून समोर ठेवा आणि स्तंभावरून फक्त तो आकार शोधत नजर फिरवा.

पण आडनाव बदललेलंही असतं. जोशींचे "जोषी" होतात, चव्हाणांचे "चौहाण" झालेले मी पाहिले आहेत, आणि कधीकधी ळ चा ल होतो. मधुकरराव "मधुकरभाई" होतात, सरस्वतीबाई "सरस्वतीबेन". म्हणून आडनावाबरोबर पत्ताही वापरा. रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा, वाडी, अमक्याची पोळ (म्हणजे गल्ली), तमक्याचा वाडा. माणसाचं नाव चुकतं, पण पोळीचं नाव छापणाऱ्याला तोंडपाठ असे.

घरातल्या बायकांची नावं कुठेच सापडत नाहीत. का?

कारण ती छापलीच जात नव्हती. "अमुक यांचे कुटुंब", "तमुक यांच्या मातोश्री" एवढ्यावर बाई संपे. शोधताना मला सगळ्यात जास्त दुःख याचं झालं, आणि सगळ्यात जास्त वेळही मी यालाच दिला.

नावाआधीची अक्षरं नीट वाचा. "सौ." म्हणजे त्या दिवशी पती हयात होते. "गं. भा." म्हणजे गंगाभागीरथी, पती नाहीत, गुजरातीत त्यासाठी "गं. स्व." आणि सौभाग्यवतीला "अ. सौ.". आईच्या नावामागे १९०८ च्या नोटिशीत सौ. आणि १९१२ च्या नोटिशीत गं. भा. असेल, तर वडील मधल्या चार वर्षांत गेले. कोणी लिहून न ठेवलेला मृत्यू दोन अक्षरांनी सापडतो.

दुसरी वाट भावांची. बाईच्या भावाच्या निधनवार्तेत "पश्चात दोन बहिणी" असतात, आणि नशीब चांगलं असलं तर त्यांची सासरची आडनावंही. लग्नात नाव बदलत असल्याने माहेरी ती कृष्णा आणि सासरी लक्ष्मी असते. तेव्हा मुलीच्या नावाने शोधू नका, तिच्या वडिलांच्या आणि भावांच्या नावाने शोधा. पणजीबाईंचं माहेर आम्हाला असंच मिळालं. त्यांचे थोरले भाऊ गेल्याची बातमी पुण्याच्या पत्रात होती आणि तिच्यात "बडोदे येथील भगिनी" असे दोनच शब्द होते. ते वाचून मी वाचनालयातच रडले.

नाव जुळलं. पण हे आमचेच कशावरून?

एका नावावर कधीही विश्वास ठेवू नका. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. रामचंद्र गणेश, गणेश रामचंद्र, पुन्हा रामचंद्र गणेश अशी माळ पिढ्यान् पिढ्या चालते. मी एका खापरपणजोबांची निवृत्तीची ओळ त्यांच्या नातवाच्या नावावर लावली होती. त्या चुकीवर पुढची सगळी वंशावळ रचली आणि दीड वर्षानंतर सबंध मोडावी लागली. आता माझा नियम असा : नाव, वडिलांचं नाव, पत्ता, हुद्दा आणि एखादं नातं यांतल्या किमान तीन गोष्टी जुळल्याशिवाय नोंद शाईने लिहायची नाही, पेन्सिलने लिहायची.

दत्तकाकडेही लक्ष ठेवा. दत्तक गेलेल्या मुलाचं वडिलांचं नाव आणि कित्येकदा आडनावही बदलतं. एका साली निकालात दिसलेला मुलगा पुढे अचानक नाहीसा झाला, तर तो गेला असं लगेच समजू नका.

छापलंय म्हणजे खरंच ना?

वय बहुतेक वेळा अंदाजाने सांगितलेलं असतं. "८० वर्षांचे" म्हणजे पंच्याहत्तरही असू शकतं. नाती आणि पत्ते त्या मानाने विश्वासाचे. शाळेचा दाखला किंवा नगरपालिकेची नोंद मिळाली तर ताडून बघा.

हे सगळं संगणकावर शोधता येत नाही का?

काही अंशी येतं. पण जुन्या देवनागरी आणि गुजराती छपाईची अक्षरं संगणकाला नीट ओळखता येत नाहीत, त्यामुळे शोधाच्या चौकटीत नाव घालून "काही नाही" आलं, तर त्याचा अर्थ अंकात नाव नाही असा होत नाही. जुन्या लेखनाप्रमाणेही शोधून बघा. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधी न उच्चारले जाणारे अनुस्वार देत : नांव, गांव, कांहीं, पांच. एवढं करून नाही मिळालं तर तारखेनुसार पान उघडून डोळ्यांनी वाचा. सापडल्यावर नोटिशीबरोबर पानाच्या वरची तारखेची पट्टीही टिपा. तारीख नसलेला फोटो वर्षभराने तुमच्याही उपयोगाचा राहत नाही.

नकोसं काही सापडलं तर? घरात सांगायचं का?

सापडतं. "माझा मुलगा माझ्या आज्ञेत नाही, त्याच्या कर्जास मी जबाबदार नाही." "माझी पत्नी न सांगता घर सोडून गेली आहे, तिला कोणी उधार देऊ नये." अशा नोटिसा जुन्या अंकांत आहेत, आणि त्यांत एखादे दिवशी आपलं आडनाव दिसतं. बडोदे संस्थानात हिंदू घटस्फोटाचा कायदा १९३१ सालीच झाला, देशभराच्या हिंदू विवाह कायद्याच्या चोवीस वर्षं आधी. त्यामुळे इतर ठिकाणी गप्प राहिलेली मोडलेली लग्नं इथे कागदावर आलेली असू शकतात.

माझं मत स्पष्ट आहे. नोंद फाडायची नाही, लपवायची नाही. पण ती आधी त्या माणसाच्या सगळ्यात जवळच्या हयात वंशजाला, एकांतात, समोर बसून दाखवायची. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची नाही. आणि घर सोडून गेलेल्या बाईबद्दलची नोटीस नवऱ्याने दिलेली आहे हे लक्षात ठेवायचं. ती का गेली, हे सांगायला तिच्याकडे ना पैसे होते, ना वर्तमानपत्राचा रकाना. एका घरी अशी नोटीस दाखवली तेव्हा ऐंशी वर्षांच्या काकू म्हणाल्या, "म्हणजे आत्या मेली नव्हती तर." लहानपणापासून त्यांना ती वारली असंच सांगितलं होतं. मग आम्ही तिचा पुढचा माग काढायला घेतला.

घरात जुनी कात्रणं आहेत. ती कशी ठेवायची?

चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यात आम्ल तयार होऊन तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. शक्य तितक्या अलगद उघडून सपाट करा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा (मागच्या जाहिरातीवरून साल ठरवता येतं), आणि आम्लविरहित कागदाच्या पाकिटात ठेवा. फोटोंच्या आल्बममध्ये कात्रण ठेवू नका, शेजारच्या फोटोवर डाग उतरतो.

सगळं करून पाहिलं, नोटीस मिळाली नाही. आता?

सगळ्यांनीच नोटिसा दिल्या नाहीत. पैसे लागत, आणि ज्यांच्या घरी लिहितं-वाचतं कोणी नव्हतं त्यांची नावं तिथे यायची कशी? अशा वेळी नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरला आपल्या घराण्याचे तीर्थोपाध्ये शोधा. त्यांच्या वह्यांत यात्रेकरूंनी आपल्या घरच्या माणसांची नावं लिहवून ठेवलेली असतात, कित्येकदा स्वतःच्या अक्षरात. जाताना आडनाव, मूळ गाव आणि ठाऊक असलेलं सगळ्यात जुनं नाव एवढं बरोबर न्या. गुरुजी वही काढतील, पानं उलटतील. सापडलं तर खाली आपल्या पिढीची नावं घाला, लेकी-सुनांचीही, त्यांच्या माहेरच्या आडनावांसकट.